दिवाळीपर्यंत पंप माझ्याकडे

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज सोसायटीची मीटिंग. सगळ्यांचे घसे बसलेले, तरी भांडायला पुरले. विषय पंप. म्हणजे मी.

चेतना गायकवाड, तिसऱ्या मजल्यावरची, बँकेत आहे आणि सोसायटीची खजिनदार आहे. ती म्हणाली, काकू, राग मानू नका, पण आता पंप ऑटोमॅटिक करून टाकू. टाकी रिकामी झाली की आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. कुणी पहाटे उठायला नको, कुणी खाली जायला नको. मी म्हटलं, मग घरंही ऑटोमॅटिक करा, कुणी राहायलाही नको. दोघं हसले. बाकीचे पंख्याकडे बघत होते.

आपला पंप साधा नाही, एवढं या लोकांना कळत नाही. हा कारखान्याचा पंप आहे. भांडुपच्या केमिकल कारखान्यात ह्यांनी अख्खी नोकरी तो चालवला. कारखाना बंद पडला, मशीनं भंगारात निघाली, तेव्हा सोसायटीच्या मागे लागून हा एक सोडवून आणला. सात मजल्यांच्या बिल्डिंगला एवढा मोठा पंप म्हणजे डास मारायला तोफ, असं तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले होते. ते सेक्रेटरी डोंबिवलीला गेले. तोफ मुलुंडात आहे.

हे माघात गेले. तेव्हापासून पंपरूमची किल्ली माझ्याकडे.

शेवटी हर्षदभाईंनी, म्हणजे आताच्या सेक्रेटरींनी, तोडगा काढला. दिवाळीपर्यंत नलिनीबेन चलावतील. पाण्याची एक पण बोंब झाली नाही तर पंप पण राहणार, नलिनीबेन पण राहणार. बोंब झाली तर ऑटोमॅटिक. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

जिंकले.

निश्चय दोन. पंपाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचायचं. आणि कुणाशी भांडायचं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

शी. पंपरूमच्या कोपऱ्यात पुन्हा लाल पिचकारी. विजेचे मीटरही त्याच खोलीत, त्यामुळे मीटरवाला येतो, केबलवाला येतो, जो येतो तो भिंत रंगवून जातो. धोंडूला विचारलं, कोण थुंकलं. धोंडू आमचा वॉचमन, देवगडकडचा. म्हणाला, माका काय म्हायत वयनी, मी गेटार. मी विचारलं, मग तुझे दात लाल कशाने. म्हणाला, पानान.

भांडले. पण धोंडू सोसायटीचा मेंबर नाही, म्हणून निश्चय मोडला असं धरत नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पुस्तक सुरू केलं. डिक्शनरी मांडीवर. माझी शाळा सातवीपर्यंत, पण इथल्या वाचनालयाचं मराठी कपाट मी दोनदा संपवलेलं आहे. सांगायचं म्हणजे पंपाचं पुस्तक कादंबऱ्यांपेक्षा बरं. लिहिणारा स्वतःबद्दल काही बोलत नाही आणि शेवटी कुणाचं लग्न होत नाही.

सुरू करायची पद्धत अशी. पंपात पाणी भरलेलं आहे ना बघायचं, कोरडा चालवायचा नाही. शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, हाताने फिरवून बघायचा, अडकत नाही ना. वर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बटण दाबायचं, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप जिथे जोडलेत तो फिरता भाग, त्यावरची जाळी कधी काढायची नाही. सैल कपडे घालायचे नाहीत. मी पदराला तीन पिना लावते.

हे सगळं हे करायचे. न वाचता. हे असते तर विचारलं असतं, पुस्तक घरात असून कधी उघडलं का नाही. म्हणाले असते, चालतंय ना.

शनिवार, १३ सप्टेंबर

एक गोष्ट मला सहन होत नाही. शाफ्ट पंपातून जिथे बाहेर येतो तिथे ग्लँड आहे. आत तेलकट दोरीचे वेढे, बाहेरून दोन नट. तिथून पाणी ठिबकतं. दिवसभर. टप. टप. हे त्याच्याखाली डालड्याचा डबा ठेवायचे आणि भरला की गेटजवळच्या तगरीला ओतायचे. माणूस पंपाचा जाणकार, पण स्वभावाने मऊ. ना धोंडूला बोलायचे, ना ग्लँडला.

मी घाटकोपरच्या टेकडीवर वाढले. खालच्या नळावरून हंडे चढवलेत. आई म्हणायची, ठिबकत्या नळाच्या घरात लक्ष्मी टिकत नाही. थेंब पाहिला की मी नळ आवळायला उठते. डब्याच्या कडेला हिरवं शेवाळ धरलंय, त्यात झुरळ. घरच्या पुरुषाने ठेवलेला डबा म्हणून टाकवत नाही, आणि बघवतही नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पुस्तकात ग्लँडचं पान आलं. लिहिलंय, पंप चालू असताना ग्लँडमधून थोडं पाणी ठिबकत राहिलंच पाहिजे. त्या पाण्याने दोरी थंड राहते. नट जास्त आवळू नयेत.

यावर विचार केला. पुस्तक परदेशी कंपनीचं. तिकडे नद्या बारमाही. त्यांना थेंबाचं काय. आपल्याकडे हे लागू होत नाही. समासात पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

थुंकीवर उपाय सापडला. बाजारातून गणपतीची टाइल आणली, पिचकारीच्या कोपऱ्यात सिमेंटने बसवली. देवावर कोण थुंकतो बघू.

रविवार, २१ सप्टेंबर

कुणी थुंकलं नाही. झकास.

मात्र आता जो येतो तो दाराबाहेर चपला काढतो. केबलवाला आज ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून वायरी ओढत होता. शेजारी पंपाचा स्टार्टर, विजेचा. मी ओरडले, चप्पल घाल, मरशील. म्हणाला, मौसी, बप्पा आहेत ना. दारावर पाटी लावली: येथे चप्पल घालूनच आत यावे. खालून जाताना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी वाचली आणि मला म्हणाले, नलिनीताई, तुम्हीसुद्धा.

मीही आत जाताना चप्पल काढते. पण मला खोली पाठ आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

ग्लँडचे नट पान्याने थोडे फिरवले. थेंब कमी झाला. दोनतीन तास बघत बसले. कमीच राहिला. पुस्तकवाल्यांना पत्र पाठवावं असं मनात आलं, पण इंग्रजीत लिहावं लागेल.

लिफ्टमध्ये मी शिरले की हल्ली सगळे गप्प होतात. वचक बसलाय.

शनिवार, २७ सप्टेंबर

अक्षताचा फोन. माझी मुलगी, बोरिवलीला असते. म्हणाली, आई, तू इकडे ये ना थोडे दिवस. मी म्हटलं, पंप. म्हणाली, पंप काय, कुणीही बटण दाबेल. हे ऐकून मला जी शिसारी आली ती इथे लिहीत नाही. ज्या बापाने बटण दाबून तुला वाढवली त्याच्याबद्दल बोलतेस, म्हटलं. ती रडायला लागली. बाबांचं नव्हतं गं बोलत, तुझं बोलत होते, म्हणाली. मग तिने मोबाईलवर बघितलेलं सांगितलं, की ग्लँड ठिबकायला हवा असं कुणी पंपवाला सांगतो. मी म्हटलं, मोबाईलमध्ये तर लिंबाने कॅन्सरसुद्धा बरा होतो.

निश्चय: रोज अक्षताला फोन करायचा.

बुधवार, १ ऑक्टोबर, नवमी

उद्या दसरा. मशीनची पूजा. ह्यांच्या कारखान्यात पूजेला मालक यायचा, पेढे वाटायचा आणि मशीनला दिवसभर विश्रांती. तीच पद्धत आपल्याकडे. टाकी आज काठोकाठ भरून घेतली, म्हणजे उद्या पंपाला सुट्टी.

संध्याकाळी हर्षदभाई दारात. म्हणाले, नलिनीबेन, उद्या पूजा आमची मिसेस करेल, हळदकुंकू आहे ना, म्हणून. एवढंच बोलले आणि माझ्या कपाळाकडे बघून खाली बघितलं. माणसं विधवेच्या हातचं पाणी रोज सकाळी पितात, त्याच हातचं कुंकू लोखंडाला चालत नाही. ओकारी येते.

मागून चेतना जिना चढत होती. म्हणाली, हर्षदभाई, पंपाला नवरा कोण आहे, ते तरी सांगा. काकूच करतील पूजा. ते हसत गेले. मला चेतनाची बाजू नको होती. माझं पद काढायला निघालेली बाई माझी बाजू घेते, यासारखं ओशाळवाणं काही नाही.

तिला शंकरपाळ्या दिल्या. उसनवारी नको.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

पंप घासूनपुसून काढला. निळा रंग दिसायला लागला. झेंडूचा हार जाळीवरून घातला, आत लोंबणार नाही असा बांधून. शाफ्टला हार घालतात ते मूर्ख. पुढे रांगोळी काढली, चांगली मोठी, आठ पाकळ्यांची.

रांगोळी पुसली गेली. थेंबाने. पंप बंद, तरी ग्लँडमधून टपटप चालूच, आणि डबा मी पूजेसाठी बाजूला केलेला. पाकळ्यांचा चिखल. पुन्हा काढली, पुन्हा तेच. लोक खाली यायची वेळ झालेली. हर्षदभाईंची मिसेस भरजरी साडीत खाली उतरताना दिसली.

पाना घेतला आणि दोन्ही नट आवळले. हात दुखेपर्यंत. थेंब थांबला. तिसऱ्यांदा रांगोळी काढली ती टिकली.

कुंकू मी लावलं. कुणी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी फोटो काढले. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, एवढी कोरडी पंपरूम मी आयुष्यात पाहिली नाही. हर्षदभाई म्हणाले, एकदम शोरूम. डालड्याचा डबा कचऱ्याच्या गाडीत टाकला. जरा जड गेलं. पण इतकी वर्षं ह्यांना जमलं नाही ते मी एका सकाळी केलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पंप सुरू केला. आवाज जरा घट्ट. शाफ्ट हाताने फिरवून बघायचा राहिला, हार काढायचा होता म्हणून. थोड्या वेळाने करपल्यासारखा वास. काल कापूर आणि धूप फार झाला, तो मुरलाय. ग्लँडपाशी थोडा धूरही दिसला. उदबत्तीची काडी पडली असणार.

थेंब एकही नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

थेंब परत आला. थेंब नाही, धार आहे. झेंडूच्या पाकळ्या आत गेल्या असाव्यात. नट आवळले. थांबली नाही. धोंडूला बोलावून त्याच्याकडून आवळून घेतले. तो म्हणाला, वयनी, आता नट तुटतलो. मी विचारलं, तुला पंपातलं कळतं का. म्हणाला, नाय. मग गप राहा, म्हटलं.

धोंडूला सांगितलं, बाहेर बोलायचं नाही. व्हय वयनी, म्हणाला. तो सगळ्याला व्हय म्हणतो, हेच त्याचं भय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

टाकी भरायला दुप्पट वेळ लागतोय. लोक पाणी किती वापरतात याला काही धरबंध उरला नाही. दिवाळीची साफसफाई सुरू झालीय, पडदे, गाद्यांचे अभ्रे, पंखे. नोटीस लावली: पाणी जपून वापरा, मुंबई आहे. खाली कुणीतरी पेनने लिहिलं, माहीत आहे.

माणसांची किळस यायला लागलीय. जिन्यात भेटली की हसतात.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बादली ठेवली. डबा पुरत नव्हता, आणि डबा नव्हताही. बादली भरली की गटारात. तगरीला एवढं पाणी झेपत नाही. दिवसातून किती वेळा खाली जाते ते मोजत नाही. चेतनाने विचारलं, काकू, पंपाचं सगळं ठीक ना, सारख्या खालीवर दिसता. मी म्हटलं, सर्व्हिसिंग. म्हणाली, काही लागलं तर सांगा, फिटर बोलवू. फिटर बोलवला की तो ग्लँड उघडणार. ग्लँड उघडला की बोंब. आणि बोंब झाली की ऑटोमॅटिक.

म्हटलं, काही लागत नाही.

ह्यांच्या शेवटच्या महिन्यांत मी सगळ्यांना हेच सांगत होते. काही लागत नाही. तेव्हाही चालवलंच ना मी सगळं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पंपातून घरघर येते. पाणी उडून बेअरिंगपर्यंत जातंय. ह्यांच्याही छातीत शेवटी असाच आवाज होता. डॉक्टर म्हणायचे, बघू. बघू म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. मी ग्रीस भरलं. भरपूर. पुस्तकात लिहिलंय, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं, पण ते पान मी नंतर वाचलं.

स्टार्टर दोनदा पडला, म्हणजे चालता पंप आपोआप बंद. व्होल्टेजचा घोळ असणार. स्टेशनजवळ दुकानांनी दिवाळीच्या माळा लावल्यात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ठरवलं: उद्या चेतनाला सगळं सांगायचं. दिवाळीला चार दिवस आहेत, अजून दुरुस्त होईल. नव्या दोरीचे वेढे घातले की झालं. ती भली आहे. सांगितलं तर समजून घेईल.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सांगितलं नाही. ती घाईत होती. म्हणजे लिफ्टमध्ये होती आणि मीही होते, पण मध्ये दुसरा मजला आला.

समजून घेतलं असतं, हीच अडचण आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर

उद्या नरक चतुर्दशी. पहिली आंघोळ. बिल्डिंगमधली निम्मी घरं कोकणातली, सगळे सूर्य उगवायच्या आत न्हाणार. युक्ती अशी: आज संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायची आणि उद्या पंपाला हातच लावायचा नाही. परवा लक्ष्मीपूजन. तेवढा काढला की दिवाळी निघाली. मग शांतपणे फिटर.

संध्याकाळी स्टार्टर तीनदा पडला. टाकी अर्धी भरली. आज कुणी फार पाणी वापरणार नाही. सणाच्या आदल्या दिवशी लोक बाजारात असतात.

अक्षताला फोन करायचा राहिला. सत्तावीस सप्टेंबरपासून राहिलाय.

सोमवार, २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

लोक बाजारात नव्हते. घर धूत होते.

उजाडायच्या आधी वरून पहिला आवाज आला, पाणी गेलं. मग प्रत्येक मजल्यावरून. मी खाली धावले. धोंडू आधीच दारात. घाईत चप्पल सवयीने बाहेर काढली. फरशीवर घोट्यापर्यंत नाही, पण पायाला लागेल एवढं पाणी. बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली, शाफ्ट हलेना. स्टार्टर पडला. पुन्हा दाबलं. पुन्हा पडला. पुस्तकात ठळक अक्षरात आहे, अडकलेला पंप पुन्हापुन्हा सुरू करू नये, आधी वीज तोडावी. मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं. तिसऱ्यांदा दाबायला गेले तेव्हा हाताला मुंग्या आल्या, कोपरापर्यंत.

धोंडूने मेन स्विच खाली ओढला. अंधार. म्हणाला, वयनी, भायर या. मी म्हटलं, पाणी नको का लोकांना. म्हणाला, पाणी टँकरात मिळता.

बाहेर आले तर कंपाउंडमध्ये अख्खी बिल्डिंग. अंगाला तेल, उटणं, कुणी टॉवेलवर, कुणी परकरावर गाऊन. पोरं चिकट आणि आनंदी. कारीट फोडलेले पाय तसेच. उटण्याचा आणि फटाक्यांच्या दारूचा वास मिसळलेला. हर्षदभाई बनियनवर, कानात तेल. मला बघून म्हणाले, नलिनीबेन, आज तरी. चौथ्या मजल्यावरचा राजेश म्हणाला, नरकासुर मेला की नाही बाबा, आम्ही तर अडकलो. सगळे हसले. हसायलाच आले होते जसे.

चेतना कपडे करून खाली आली. टँकरवाल्याला लावायला हर्षदभाईंचा फोन त्यांच्या हातातून निसटत होता. ती म्हणाली, आमच्याकडे उटणं नाही, बिल्डिंगमध्ये माझेच हात कोरडे आहेत, द्या इकडे. तिने टँकर बोलावला. मग माझ्याकडे बघून धोंडूला म्हणाली, काकूंना खुर्ची दे, त्यांचे पाय ओले आहेत.

टँकर नऊ वाजता आला. उटणं तोवर सगळ्यांच्या अंगावर वाळलं होतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

फिटर आला. पंप उघडला. सगळे बघायला. ग्लँडमधून त्याने आकड्याने काळा चुरा काढला. दोरी नव्हती, कोळसा होता. शाफ्टवर चरे, बोट अडकेल एवढे. बेअरिंग जाम. तो म्हणाला, ये किसने इतना कस दिया, थेंब तर पडायलाच पाहिजे ना.

कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. धोंडूसुद्धा फाटकाकडे बघत होता. मी वाट बघत होते कुणीतरी बोलेल. बोलायला पाहिजे होतं. मी असते तर सोडलं नसतं.

चेतना म्हणाली, जुनाच झाला होता, काकू. कधीतरी जाणारच होता.

हेच वाक्य ह्यांच्या वेळी तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने म्हटलं होतं. वय झालं होतं. तेव्हाही मला असंच वाटलं होतं, की कुणीतरी माझ्या कानाखाली मारली असती तर बरं.

मी म्हटलं, मी आवळला. दसऱ्याला. रांगोळीसाठी.

हर्षदभाई म्हणाले, रांगोळी सुंदर होती, नलिनीबेन.

वर आले. दार लावलं. पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं. कागद फाटला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

नवा बसला. दोन छोटे पंप, टाकीत सेन्सर. ग्लँड नाही, दोरी नाही, ठिबकत नाही. चांगलाच आहे म्हणायचा. नारळ फोडायचा मान मला दिला. मी उचलला तेवढ्यात वरची टाकी कमी झाली आणि पंप आपोआप सुरू झाला. मी थांबले. तो काही थांबला नाही. मग तो चालू असतानाच फोडला.

बसवणाऱ्या पोरीला, हो, पोरगीच होती, हेल्मेट घातलेली, विचारलं, याला रोज काय करावं लागतं. म्हणाली, काही नाही आजी. मी म्हटलं, काहीतरी असेलच. तिने विचार केला. म्हणाली, वर्षातून एकदा आम्हाला फोन करा.

रविवार, २६ ऑक्टोबर

भंगारवाला आला. जुना पंप त्याला दिला, असं कमिटीने ठरवलं. मला विचारलं होतं, घरी ठेवणार का. दोन माणसांना हलत नाही, घरात ठेवते कुठे.

त्याच्या माणसांनी शाफ्टला दोरखंड बांधला आणि उचलायला लागले. मी गॅलरीतून बघत होते. खाली गेले. चप्पल घालून. म्हटलं, शाफ्टला बांधून उचलायचा नाही. वाकतो. खालच्या बैठकीला दोन्ही बाजूंनी बांधा. भंगारवाला म्हणाला, मौसी, इसको तोडनाही है.

मी म्हटलं, माहीत आहे. तरी बैठकीला बांधा.

तो धोंडूकडे बघायला लागला. धोंडू म्हणाला, बांध रे, वयनी सांगतंत तसा. त्यांनी सोडला, पुन्हा बांधला. सरळ उचलला गेला. टेम्पोत ठेवताना कुठे घासला नाही.

टेम्पो गेल्यावर अक्षताला फोन केला. म्हटलं, येऊ का थोडे दिवस. म्हणाली, ये ना आई, कधी. म्हटलं, आज. इथे आता काही नाही.

तिने विचारलं, बाबांचा पंप नीट गेला ना. म्हटलं, हो. नीट गेला.